पाठ दाखवायची नाही

४ मार्च १९०७, सोमवार

लार्तिगोबाईंनी आज मला कामावरून काढलं. गुन्हा काय, तर काल दुपारी ताटंबिटं घासून झाल्यावर मी न विचारता बाहेर गेले. मोलकरणींच्या सभेला गेले, हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

गेल्या वर्षी सरकारने कायदा केला. प्रत्येक कामकऱ्याला आठवड्याला एक दिवस सुट्टी. खाटकाला सुट्टी, न्हाव्याला सुट्टी, टोप्या शिवणाऱ्या पोरींना सुट्टी. घरकाम करणारणींना तेवढं वगळलं. आम्ही काम थोडंच करतो! आम्ही लोकांच्या घरी मौज मारायला राहतो.

"खाल्ल्या घरचे वासे मोजतेस," बाई म्हणाल्या.

"मोजायला कशाला लागतात बाईसाहेब? सहाव्या मजल्यावर छपराखाली झोपते मी. रोज सकाळी उठताना डोक्याला लागतात."

झालं. ट्रंक घेऊन नोकरांच्या जिन्याने खाली उतरले. तिसऱ्या मजल्यावर डॉक्टरांच्या मागच्या दारात फिलोमेन उभी होती. तिने पावात चीज घालून माझ्या खिशात कोंबलं. "तुझ्या जिभेला हाड नाही, झेली," म्हणाली. मी म्हटलं, "आणि तुझ्या पाठीला कणा नाही." हसली बिचारी. तिला कणा परवडत नाही. तिची ओडिल तीन वर्षांची आहे, नेमूरजवळच्या खेड्यात एका दाईकडे वाढते. सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येतं, म्हणजे एक रविवार मिळाला तर पुरे. तो मिळत नाही. मागच्या द्राक्षतोडणीपासून तिने लेकीचं तोंड पाहिलेलं नाही.

ही वही आजच घेतली. बाईंना बोलायचं राहून गेलं ते लिहिणार आहे. एक वही पुरेल असं वाटत नाही.

७ मार्च

नोकरी लावून देणाऱ्या दलालांकडे माझं नाव आधीच पोचलंय. "सभेला जाणारी? नको," असं सरळ तोंडावर सांगतात.

माझ्या नव्या खोलीशेजारी फुल्बेर राहतो. पूर्वी सर्कशीत कोलांट्या मारायचा. आता शहराबाहेर काचेच्या भिंतींच्या एका कारखान्यात जातो, तिथे फिल्मा बनतात. गमतीच्या फिल्ममध्ये बाई जिन्यावरून गडगडते ना, ती बाई म्हणजे घागरा घातलेला फुल्बेर. "आमच्याकडे मोलकरणींची फिल्म चाललीय, खऱ्या बाया हव्यात," म्हणाला. दिवसाला पाच फ्रँक. उपाशी राहण्यापेक्षा बरं.

९ मार्च

काल वीज कामगारांनी संप केला आणि अख्खं पॅरिस अंधारात बुडालं. आज कारखान्यात दुसरा विषय नव्हता. दिग्दर्शक बोद्रियोंसाहेब खुशीत होते. "संपाची हवा आहे, लोकांना संपावर हसू द्या!" त्यांच्या फिल्ममध्ये मोलकरणी संप करतात. झाडू आणि पळ्या घेऊन रस्त्यावर येतात, मालकिणी स्वतः स्वयंपाक करायला जातात आणि घरं पेटवून घेतात.

यात मी हसले, खोटं कशाला बोलू. पुढारीण फुल्बेर आहे. मिशी काढायला लावली म्हणून सकाळपासून रडवेला झाला होता. "मिशी हा मजुराचा हक्क आहे," म्हणत होता.

कॅमेऱ्याचं हँडल फिरवणारे आंतेल्मकाका म्हणून एक आहेत. काका म्हणतात सगळे, वय काही फार नाही. दिवसात चार शब्द बोलले, त्यातले दोन "सावली नको" हे होते.

१० मार्च, रविवार

सभेत ठरलं. १४ एप्रिलच्या रविवारी सकाळी दहाला, न विचारता, न सांगता घराबाहेर पडायचं आणि नासियोंच्या चौकात दोन खांबांमध्ये जमायचं. तोवर ईस्टरची जत्राही तिथे भरलेली असेल. फिलोमेनने हात वर केला. अर्धाच केला, पण केला.

१३ मार्च

फुल्बेर जिन्यावरून पडताना खरंच पडला. गुडघा सुजून भोपळा झालाय. बोद्रियोंसाहेबांनी इकडे तिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं. "तू. तुझं तोंड भांडकुदळ आहे. तू पुढारीण." फुल्बेरला मालकिणीचा कमरबंद आवळून खुर्चीत बसवलं. आता तो माझी मालकीण! माणसाच्या नशिबात काय असेल सांगता येत नाही.

मी झाडू खांद्यावर घेऊन पुढे चालले, मागे बाया. हँडल करकरत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझ्याकडे कुणी बघतंय तर बघू दे.

१७ मार्च, रविवार

आज फिल्मचा शेवट कळला. बोद्रियोंसाहेबांनी सगळ्यांना बसवून सांगितला. शिपाई पाण्याची नळी घेऊन येतात, बायांना भिजवून हाकलत स्वयंपाकघरात नेतात. पुढारीण गुडघ्यावर येते. मालकीण तिच्यावर एप्रन फेकते. ती तो बांधते. समाप्त.

मी उठून म्हटलं, "साहेब, हे बदला."

"का?"

"पुढच्या महिन्यात आम्ही खरोखर रस्त्यावर येणार आहोत. जत्रेत सगळं पॅरिस ही फिल्म बघणार. बायांना आधीच कळेल की शेवटी गुडघ्यावरच यायचं असतं."

"बाळे, तिकीट मालकीण काढते. मोलकरीण पोरांना घेऊन मागे उभी राहते. शेवट तिकिटाच्या बाजूने असतो."

तळपायाची आग मस्तकाला गेली. काम सोडायला निघाले होते. पण मी गेले तर दुसरी कुणी गुडघे टेकणार, नाहीतर साहेब फुल्बेरचा गुडघा बरा होईपर्यंत थांबणार. शेवट तोच राहणार.

दुपारी नोकरांच्या जिन्यावर फिलोमेनला सांगितलं. ती भांडं पुसत होती, ती पुसतच राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या डॉक्टरीणबाई हसतील, आणि हसताना माझ्याकडे बघतील. आणि तो एप्रन तू बांधशील. तू, झेली."

"मी नाही बांधला तर..."

"मला उगाच कणा दाखवत होतीस," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. जोरात आपटलंही नाही. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

२१ मार्च, गुरुवार

आज शेवटचा प्रसंग झाला. अंग ठणकतंय, पण सगळं लिहून काढते.

मागच्या पडद्यावर अर्धा रस्ता रंगवला होता, अर्धं स्वयंपाकघर, मध्ये दार, रस्त्याच्या टोकाला शिपायांच्या चौकीचं दार. साहेब म्हणाले, "शिपाई आले की घाबरून पळा, आत शिरा."

मी म्हटलं, "पळणार नाही."

"झेली!"

"आत जायचं ना? जाते. पण शिपायाला पाठ दाखवायची नाही. गेल्या एक मेला रस्त्यावर होते मी. पाठ दाखवली की दंडा बसतो, हे मला तुम्ही शिकवू नका. तोंड त्यांच्याकडे ठेवून मागे मागे जाईन."

बाकीच्या बाया लगेच, "आम्ही पण!" साहेब लाल झाले. तेवढ्यात आंतेल्मकाका कॅमेऱ्यामागून म्हणाले, "जाऊ द्या तशा. मागे चालणाऱ्या बाया जास्त विनोदी दिसतात." साहेबांना पटलं. मला मात्र काकांचा असा राग आला! विनोदी म्हणे.

आणि मग या माणसाच्या अंगात काय संचारलं कुणास ठाऊक. एरवी तोंड उघडत नाही, आज थांबेना. "पाऊल टाकताना चवडा आधी टेकवा, मग टाच." "शिपायांनो, डोळे मोठे करा, तोंडं उघडा." "स्वयंपाकघरातलं घड्याळ काढा, चकाकतं." अहो, रंगवलेलं नव्हतं, खरं होतं ते, छान टिकटिकत होतं. काढायला लावलं. फुल्बेर खुर्चीत सिगारेट ओढत होता, तीही विझवायला लावली. "धूर नको." मालकिणीने सिगारेट ओढणं किती मजेशीर, साहेब सांगत राहिले, पण काका ढिम्म.

नळी सुटली. मार्चचं पाणी! मी शिपायांच्या डोळ्याला डोळा देऊन एकेक पाऊल मागे गेले. दार ओलांडलं. गुडघे टेकले. फुल्बेर एप्रन स्वतःच्या तोंडासमोर फडकवून मग माझ्यावर फेकणार होता. काकांनी ते तीनदा करून घेतलं. "आधी पूर्ण चेहऱ्यावर धर. झाकू दे चेहरा. मग फेक." मी झेलला. बांधायला लागले आणि माझं मलाच रडू फुटलं. फिलोमेन आठवली.

हँडल थांबलं. काका कॅमेरा सोडून माझ्यापाशी आले, रुमाल दिला. "डोळे पूस. रडतीला माझ्या फिल्ममध्ये जागा नाही. थेंब दिसतात."

माणूस आहे की दगड? मी रुमाल त्यांच्या हातात कोंबला आणि कोरड्या डोळ्यांनी गाठ मारली. "सावकाश," ते म्हणाले. "गाठ नीट दिसू दे." जखमेवर मीठ चोळावं तसं सावकाश मारली.

काम संपल्यावर ओल्या बायांना सूप दिलं. काका शेजारी येऊन बसले. "माझी आईही मोलकरीण होती, सहाव्या मजल्यावरच गेली," म्हणाले. "रविवारी गेली. सोमवारी सकाळपर्यंत कुणाला कळलं नाही." मग उठून गेले.

२२ मार्च

रुमालाला लव्हेंडरचा वास होता. दगडाला हे कशाला हवं.

३१ मार्च, ईस्टर

जत्रा सुरू झाली. एकटीच हिंडले. मधाच्या केकची डुकरं विकतात तिथे आंतेल्मकाका भेटले, बूट आरशासारखे लखलखीत, कॉलर नवी. त्यांनी एक डुक्कर घेऊन त्यावर साखरेने "झेली" लिहून घेतलं आणि मला दिलं. पैसे जास्त झालेले दिसतात.

मग एका तंबूकडे नेलं. मालकीण केनोलमावशी, विधवा, आवाज भोंग्यासारखा. पूर्वी काका तिच्याकडे फिल्म दाखवायचं मशीन चालवायचे. कारखान्याकडून फिल्मा विकत घेते आणि गावोगाव दाखवते. "ही ती का?" मावशीने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरीच ठेंगणी आहे की."

"बायांची उंची शिपाई बघून वाढते," मी म्हटलं. मावशी एवढी हसली की तिकिटांचं पुडकं पडलं. "फिल्म आली की तुला बोलावीन," म्हणाली. "नको," मी म्हटलं.

७ एप्रिल, रविवार

फिल्म दुसऱ्या तंबूंत लागली आहे आणि मी प्रसिद्ध झाले आहे. बाजारात कोबी घेत होते तर भाजीवाला ओरडला, "ए, एप्रन बांध गं!" अख्खा बाजार हसला. मी कोबी त्याच्या पाटीत परत आपटला.

सभेत गेले तर बायांनी बाकावर जागा दिली नाही. हात वर करायला सांगितले तेव्हा गेल्या वेळच्या निम्मेही वर झाले नाहीत. फिलोमेन आलीच नव्हती. तिच्या घरी डॉक्टरांनी जेवताना विचारलं म्हणे, "काय फिलोमेन, तुम्ही कधी संप करताय? नळी तयार ठेवतो." पाहुणे हसले. ती सॉस वाढत होती. हे मला दुसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकिणीने सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे पाहिलंही नाही.

ओडिलचा रविवार मी बुडवला. स्वतःच्या हाताने गाठ मारून बुडवला.

११ एप्रिल, गुरुवार

घाईने लिहितेय, अक्षर बघा कसं आलंय.

केनोलमावशीने निरोप धाडला, दुपारी ये म्हणून. गेले नसते, पण निरोप घेऊन स्वतः आंतेल्मकाका आले आणि दारात टोपी काढून उभे राहिले. हलेचनात. गेले शेवटी.

गुरुवार म्हणजे पोरांना शाळेची सुट्टी. तंबू मालकांच्या पोरांनी गच्च, पुढच्या बाकांवर मखमली कोट आणि रिबिनी, आणि मागे भिंतीला लागून त्यांच्या मोलकरणी उभ्या. त्यांत फिलोमेन होती, डॉक्टरांच्या दोघी मुलींना घेऊन आलेली. तिने मला पाहिलं आणि मान फिरवली. काका मशीनपाशी गेले.

फिल्म लागली. पोरं खिदळली, घरं पेटली तेव्हा बाक बडवले. नळी सुटली तेव्हा किंचाळली. मी पडद्यावर गुडघे टेकले, एप्रन अंगावर आला, गाठ मारली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मागच्या भिंतीला एकही आवाज नाही. जमीन दुभंगून आत घ्यावं असं मला झालं होतं.

तेवढ्यात केनोलमावशी पडद्यापुढे आली आणि कमरेवर हात ठेवून गरजली, "सुलटं पाहिलंत! उलटं पाहायचं का?"

जत्रेत ही रीतच आहे. फिल्म संपली की तीच उलटी फिरवतात, भिंत पडलेली उभी राहते, सांडलेलं दूध भांड्यात परत जातं, पोरांना फार आवडतं. मी दर जत्रेत पाहत आलेय. आणि तरी माझ्या डोक्यात एकदाही उजेड पडला नव्हता!

"उलटं! उलटं!" मखमली कोट आणि रिबिनी नाचायला लागले. पोरांनीच मागितलं. मालकांच्याच पोरांनी!

पडद्यावर मी गुडघ्यांवर होते, एप्रन बांधलेला. मी सावकाश गाठ सोडली. एप्रन काढला आणि भिरकावला, तो जाऊन बसला थेट मालकिणीच्या तोंडावर! मी उठले. दाराकडे चालत निघाले, पुढे तोंड करून, चवड्याने जमीन मागे रेटत, मागे सगळ्या बाया. आणि शिपाई? डोळे फाटलेले, तोंडं उघडी, एकेक पाऊल मागे सरकत होते. पाणी आमच्या अंगावरून सुटून नळीत परत शिरत होतं. आम्ही रस्त्यावर आलो. शिपाई चौकीच्या दारात पाठीमागून घुसले आणि दार बंद झालं.

पोरं हसून हसून बाकांवरून पडली. पण मागची भिंत हसत नव्हती. आधी कुणीतरी "आई गं," म्हणालं. मग एकीने टाळी वाजवली. मग असा आवाज झाला की तंबूचं कापड हललं. केनोलमावशी फक्त एवढंच म्हणाली, "बायांनो, मी काही जोडलेलं नाही हं. आहे तीच फिल्म."

फिलोमेन तोंडावर हात ठेवून उभी होती. डॉक्टरांच्या धाकट्या मुलीने तिचा घागरा ओढून विचारलं, "फिलोमेन, तू पण टाकणार का एप्रन?" फिलोमेनने तिची रिबीन सारखी केली. पण जाताना माझ्याजवळून गेली आणि माझा दंड एवढ्या जोरात दाबला की काळानिळा झालाय.

घड्याळ, धूर, डोळ्यांतलं पाणी, हे सगळं का नको होतं ते आता कळलं. माझे अश्रू गालांवरून वर चढून डोळ्यांत शिरले असते, आणि सगळं हसं झालं असतं! मी मशीनपाशी गेले आणि आंतेल्मला म्हटलं, "सांगितलं का नाहीस रे मेल्या?"

"सांगितलं असतं तर तू हसली असतीस," तो म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. मशीनजवळ फार उकडतं.

१२ एप्रिल

बोद्रियोंसाहेबांनी बोलावून घेतलं. जत्रेतले इतर तंबूवालेही आता उलटंच दाखवतायत म्हणे.

"हे तू केलंस!"

"मी? साहेब, तुम्ही गुडघे टेकायला सांगितले, टेकले. बांधायला सांगितलं, बांधलं. एक पाऊल कमी नाही की जास्त नाही."

साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. मग त्यांनी मला काढलं. दीड महिन्यात दुसऱ्यांदा! दारात फुल्बेर भेटला, ओठावर कोवळी मिशी. "मीही सोडतोय," म्हणाला. "कॅफेतल्या वाढप्यांना मालक मिशी ठेवू देत नाहीत, ते कुरकुरतायत, त्यांच्यात जातो."

१४ एप्रिल, रविवार

नऊपासून खांबाखाली उभी होते. चौक भरला असं लिहिणार नाही, खोटं कशाला लिहू? दहा वाजले तेव्हा जत्रेतली माणसंच जास्त होती. शिपाई कोपऱ्यात जांभया देत होते. मग एका गल्लीतून दोघी आल्या, दुसऱ्या गल्लीतून पाचसहा, कुणी स्वयंपाकाच्या सपातांतच, कुणी लग्नाची टोपी घालून. भाजीबाजाराच्या बाजूने एक लांबलचक रांग आली. तेव्हा शिपायांच्या जांभया थांबल्या.

फिलोमेन दिसेना. मी दहा वेळा मान वळवली. आंतेल्म म्हणाला, "येईल." मी म्हटलं, "तुला काय माहीत?"

आली! टोपी वाकडी, गाल लाल, काखेत मधाच्या केकचं डुक्कर, त्यावर साखरेत "ओडिल".

"नोकरांच्या जिन्याला कुलूप घातलं होतं," ती धापा टाकत म्हणाली. "सकाळीच घातलं. मग मी बैठकीच्या खोलीतून गेले आणि मोठ्या जिन्याने उतरले. गालिच्यावरून!"

"आणि डॉक्टरीणबाई?"

"वर कठड्याशी उभ्या. 'मागे फीर,' म्हणाल्या. मी त्यांच्याकडे तोंड करून उतरले, झेली. तीन मजले! एकदा पडता पडता वाचले. पण पाठ दाखवली नाही."

मला हसू की रडू कळेना, मी दोन्ही केलं. आम्ही चौकाला फेरी घातली, घोषणा दिल्या, घसे बसवले. शिपाई मागे सरकले नाहीत, पण पुढेही आले नाहीत. मग तिला नेमूरच्या गाडीवर सोडून आले. "उद्या काढलं तर?" मी विचारलं. "काढू देत. मला धास्ती एकच, ओडिल ओळखेल का," ती म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीने परत आली, मी स्टेशनवर होतेच. पोरीने आधी ओळखलं नाही. डुकरावरचं नाव बोटाने चाटून झालं, मग मांडीवर येऊन बसली. डुकराचा एक कान तिने आईसाठी ठेवला होता. तो फिलोमेनने रुमालात बांधून आणला होता, मला दाखवला, खाल्ला नाही.

डॉक्टरांच्या घराशी आलो. नोकरांच्या दाराला अजून कुलूप होतं. तिने मोठं दार ढकललं आणि गालिच्यावरून वर गेली. मी रस्त्यातच उभी राहिले. तिसऱ्या मजल्यावर दार उघडल्याचं ऐकू आलं. मला वाटलं, आता ट्रंक खाली येते.

रस्त्याकडची खिडकी उघडली. बैठकीच्या खोलीची! फिलोमेनने डोकं बाहेर काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "झेली, काढलं नाही! पुढच्या रविवारी दहाला! आणि आंतेल्मला म्हणावं, ओडिललाही फिल्म बघायचीय. उलटी!"